चपला काढून केलेली तपासणी

८ एप्रिल, मंगळवार

गाल अजून चुरचुरतोय. काकांनी सगळ्या कामगारांसमोर मारलं आणि बाबा नुसते पाहत उभे राहिले.

चुकलं का माझं? आमच्या वाडीच्या कारखान्यात प्रत्येक कूलर काका स्वतः तपासतात. चालू करायचा, पत्र्याला उलटा हात लावायचा, झटका बसला नाही तर पास. लहानपणी बाबांनी मलाही हेच शिकवलं. पण आम्ही सगळे कोरड्या फरशीवर, रबरी चपला घालून उभे असतो! घरोघरी बायका ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून कूलरमध्ये पाणी भरतात. म्हणून आज मी चपला काढल्या, खाली पाणी ओतलं आणि काकांनी पास केलेल्या कूलरला उलटा हात लावला.

भिंतीवर जाऊन आदळले. खांदा सुजलाय.

"काका, आता तपासणी बाहेरच्या माणसाकडून करून घेऊ. तोवर उद्याची मालाची गाडी थांबवू," एवढंच मी म्हणाले.

"माही जिंदगी गेली यात. तू मले शिकवून राहिली का वं?" आणि सणसणीत थोबाडीत. मग त्याच कूलरला अशी लाथ घातली की पत्रा चेपला. "ऐन सीजनमध्ये गाडी थांबवते म्हणे! बाहेरचा कोणी आत आला, तर त्याचे अन् तुहे, दोघायचे पाय तोडीन."

बाहेरच्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं असं नाही. पण काका त्याला थोबाडीत मारू शकत नाहीत, आणि बाबांसारखं त्याला गप्प राहावं लागत नाही.

भीती वाटतेय, खूप. तरी बाहेरच्या एका वायरमनला उद्या सकाळी बोलावलंय. तो तपासेपर्यंत गाडीत एकही कूलर चढू देणार नाही.