बूच मशीनचा बिघाड

१ मार्च, शनिवार. सकाळी ६

नवी वही. शिवप्रकाशने परभणीहून आणून दिली. मुलगा हुशार आहे, फक्त बोलतो फार. पहिल्या पानावर 'गोपनीय' लिहून खाली दोन रेघा मारल्या. एक रेघ वाकडी आली. टेबल हलतं.

संकल्प: सीझनभर रोज वीस क्रेट जिरा सोडा. बूच मशीनला रोज तेल. बायकोशी, भागम्माशी, वाद नाही.

ताडकळसला तीस वर्षं हा धंदा करतोय. सोडा काय, कोणीही भरेल. खरी कला बूच मारण्यात. बाटली मशीनखाली, तोंडावर पत्र्याचं बूच, आणि हातातला दांडा एका दमात खाली. टक्. दांडा अडखळला की बूच तिरकं बसतं, गॅस उडतो आणि सोड्याचं साखरपाणी होतं. तीस वर्षांत माझं बूच तिरकं बसलं नाही.

आज सात बसली. मशीनची स्प्रिंग थकली असणार.

४ मार्च

तेल दिलं. अकरा तिरकी. म्हणजे स्प्रिंग नाही, बूचंच खराब आहेत. पत्रा पातळ आलाय. आजकाल कंपन्यांना लाजच राहिली नाही.

भागम्माने त्याच गठ्ठ्यातली दोन क्रेट मारली. एकही तिरकं नाही. चांगली बूचं नेमकी तिच्याच हाताला लागली. नशीब असतं एकेकाचं.

७ मार्च, बाजाराचा दिवस

टपरीवाल्या सुलाबाईने नऊ बाटल्या परत केल्या. म्हणे, भाऊ, उघडल्यावर आवाजच येईना, गिऱ्हाईक इचारायलंय शिळी हाय का. वर आणखी म्हणे, औंदा जिरं लय टाकायलात, नरडं जळायलंय.

आता हिला काय सांगायचं? यंदाच्या जिऱ्याला वासच नाही. नाकाशी धरलं तरी येत नाही. व्यापाऱ्याने सरळ फसवलं. म्हणून मी दुप्पट टाकतो. सुलाबाईच्या जिभेला चव राहिलेली नाही. वय झालं तिचं.

१२ मार्च

मशीन पोत्यात घालून एसटीने परभणीला नेलं. फॅब्रिकेशनवाला बन्सीधर ओळखीचा. त्याने दहा रिकाम्या बाटल्यांवर बूचं मारली. एका हाताने. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर बायकोशी भांडण चालू. दहाच्या दहा सरळ. म्हणाला, काका, मशीन नव्यावाणी हाय, कामून आणलं हितवर?

मी म्हटलं, स्प्रिंग बदल. तो नाही म्हणत होता. बदलायला लावली. कारागिराला आपण सांगायचं असतं.

उतरताना बसच्या पायरीवर पाय अडकला. नव्या गाड्यांच्या पायऱ्या भलत्याच उंच केल्यात. उजवी चप्पलही पुढून घासत चालली आहे. कंपनी बदलायला हवी.

१३ मार्च

नवी स्प्रिंग. चौदा तिरकी. नव्या स्प्रिंगला बसायला वेळ लागतो.

१८ मार्च

एक चांगली गोष्ट. माझं अक्षर आपोआप बारीक होत चाललंय. मागची पानं पाहिली, तेव्हा एका पानात एक दिवस मावत होता. आता तीन मावतात. काटकसर रक्तात असावी लागते.

२३ मार्च, रविवार

शिवप्रकाश आला. आल्या आल्या म्हणाला, पप्पा, हात दाखवा. मी डावा दाखवला. तो म्हणाला, उजवा. उजव्या हातात चहा होता. चहा सांडला. या कपांचे कान लहान पोरांच्या बोटांच्या मापाने केलेत.

म्हणतो, डॉक्टरला दाखवू, नंबर लावून आलोय. कोणाला विचारून? मी त्याला शांतपणे समजावलं. रोज सकाळी पूजेला बसतो. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग असतं. पंधरा मिनिटं ते जागचं हलत नाही. ज्याच्या तळहातावर लिंग स्थिर, त्याला कसला आजार?  यावर तो आईकडे पाहत राहिला. ती भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. मग तो निघून गेला. मुद्दा पटला की माणूस गप्प होतो.

पूजेवरून आठवलं. भागम्मा हल्ली पूजेला मला अगदी खेटून बसते. आपला तळहात माझ्या हाताखाली धरते. मलाही पुण्य लागंल, म्हणते. लागू दे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आता कुठे तिला नवऱ्याची किंमत कळली. बरं वाटलं.

३० मार्च, पाडवा

बसव जयंतीच्या मिरवणुकीचे भगवानराव आले. दर वर्षीप्रमाणे पन्नास क्रेट. तीस एप्रिलला सकाळी सगळा माल ताजा पाहिजे. मग घुटमळले. म्हणाले, बसवंतराव, औंदा जमंल ना? न्हाई तर परभणीहून कंपनीच्या बाटल्या मागवू, एका फोनचं काम हाय.

मी म्हटलं, माझे डोळे मिटल्यावर मागवा.

ते म्हणाले, आवो, येवढं रागाला येऊ नका. मी रागावलोच नव्हतो. हसत होतो उलट. तर म्हणतात, तुमच्या तोंडावर हसू दिसंना. हल्ली बरेच जण असं म्हणतात. वयाबरोबर चेहऱ्याला वजन येतं, त्याला लोक राग समजतात.

शब्द दिला. तीस वर्षं मिरवणुकीत माझी बाटली फिरते. मारुतीच्या पारापासून वेशीपर्यंत माणसं माझं बूच उडवतात आणि तो आवाज घरात ऐकू येतो. ती ऑर्डर दुसऱ्याकडे गेली तर मी कोण? दारात बसलेला एक म्हातारा. हे लिहायला नको होतं. लिहिलं.

६ एप्रिल

नवं तंत्र शोधलं. दांडा एका हाताने ओढायची पद्धत मुळातच चुकीची. दोन हातांनी ओढला की जोर सारखा पडतो. फक्त बाटली धरायला माणूस लागतो. भागम्मा धरेल.

ती म्हणाली, आवो, त्यापरीस मी मारते की, तुमी धरा. मी म्हटलं, दांड्याला अनुभव लागतो. म्हणाली, बरं. आणि बसली. मोठे कारखाने असेच उभे राहतात, एक योजना करणारा आणि एक धरणारा.

सहा क्रेट. तिरकी फक्त चोवीस. ती तिने बाजूला घेतली. मी जेवून उठलो तोवर सरळ झालेली होती. बूचं आपोआप बसतात, थोडा वेळ द्यावा लागतो.

१४ एप्रिल

ऊन भयंकर. भागम्माला बहिरेपण आलंय. दर वाक्याला म्हणते, मोठ्यानं बोला, काय पुटपुटायलात. शिवप्रकाशही फोनवर हेच म्हणतो, म्हणजे आईकडून घेतलं असणार. सीझन संपला की हिचे कान दाखवायचे. खर्चाचा विचार करायचा नाही.

२१ एप्रिल

एका बाटलीच्या गळ्याची कपची उडाली. जुनी बाटली. कपची सापडली नाही. भागम्माने पूर्ण क्रेट नालीत ओतलं. मी म्हटलं, अगं, एका बाटलीसाठी बारा? ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. लेकराच्या पोटात काच गेली म्हंजी? कुणाला तोंड दावणार तुमी?

मग रडली. मग म्हणाली, भगवानरावला न्हाई म्हणा. हात जोडते.

संकल्प: वाद नाही. म्हणून उत्तर दिलं नाही. पण नाही म्हणायचा प्रश्नच येत नाही. नऊ दिवस आहेत. रोज सरावाची शंभर बूचं मारायची.

२४ एप्रिल

सराव उद्यापासून. आज हाताला विश्रांती दिली. विश्रांती घेत असतानाच तो जास्त हलतो, हे मात्र चमत्कारिक. मांडीखाली दाबून बसलो.

२८ एप्रिल. रात्र

भागम्माला लागलं. तिने बाटली नीट धरली नव्हती.

सकाळपासून जयंतीचा माल काढत होतो. तिसरं क्रेट. दांडा खाली आणताना मध्येच अडकला, मी जोर केला, तो एकदम सुटला. बाटलीचा गळा फुटला. तिच्या उजव्या तळहातात गेला, अंगठ्याच्या मुळाशी. सोड्याचा फेस लाल झाला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुमाला लागलं का?

भगवानरावांच्या जीपने परभणीला. नऊ टाके. आतली शीरही तुटली आहे. डॉक्टर म्हणाले, अंगठा पहिल्यासारखा वाकेलच असं नाही.

बाटली नीट धरायला पाहिजे होती.

मग डॉक्टर तिला सोडून माझ्याकडेच पाहायला लागले. म्हणाले, जरा चालून दाखवा. बोटं उघडा, मिटा. मी म्हटलं, पेशंट ही आहे. ते म्हणाले, नाव लिहून दाखवा. लिहिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. विचारलं, वास येतो का नीट? मी जिऱ्याचं कोणालाही सांगितलेलं नाही, फक्त या वहीला.

कधीपासून आहे हे? मी म्हटलं, स्प्रिंग थकल्यापासून.

तेव्हा भागम्मा खाटेवरून बोलली. डॉक्टरसाहेब, मागच्या श्रावणापासून. पूजेला बसलं की हात हालायचा. लिंग पडंल म्हणून मी खालून हात धरायलेय.

मी विचारलं, कोणता हात?

ती म्हणाली, डावा. उजवा तर त्याच्याबी आधीपासून.

डॉक्टर म्हणाले, कंपवात वाटतोय, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. पुढेही काही सांगितलं. मी ऐकत नव्हतो. घरी आल्यावर मागची पानं उलटून पाहिली. पुण्य लागतं म्हणून, असं लिहून ठेवलंय मी. तेवीस मार्च. माझ्याच अक्षरात.

२९ एप्रिल

शिवप्रकाश रात्रीच रजा काढून आला. माल होणार नाही, असं भगवानरावांना त्यानेच सांगितलं. परभणीहून टेम्पो येणार आहे.

दोघं झोपेत असताना पाचला उठलो होतो. ठरवलं होतं की एकट्याने पन्नास क्रेट काढायची आणि सगळ्यांना दाखवायचं. सव्वासातपर्यंत अकरा बाटल्या झाल्या. अकराही तिरक्या. मशीन पाटाला घट्ट बसलेलं आहे. दांडा हलका आहे. स्प्रिंग नवी आहे. बूचांचा पत्रा जाड आहे, नखाने वाकत नाही.

बाटली तिने नीट धरली होती.

३० एप्रिल, बसव जयंती

मिरवणूक गेली. मी दार लावून घेतलं होतं. हलगी ऐकू आली, बूचांचा आवाज नाही. प्लास्टिकच्या बाटल्यांना तो नसतो. शिवप्रकाश पाणी वाटायला गेला.

दुपारी भागम्माला भूक लागली. तिच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. डाव्या हाताने ती जेवत नाही, सणाच्या दिवशी तर नाहीच. म्हणाली, पोरगं आल्यावर जेवीन. तो कधी येणार याचा नेम नव्हता. मी म्हटलं, मी भरवतो.

भात कालवला. पहिला घास तिच्या मांडीवर पडला. दुसरा पट्टीवर. मी तो वेचत बसलो. मला तिची माफी मागायची होती. नाही मागितली. ओठांवर आलं होतं.

तिसऱ्या घासाला तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि माझा हात स्वतःच्या तोंडाशी नेला. घट्ट धरलं होतं. असे चार घास झाले. मग तिचाच हात थकला.

म्हणाली, बास, पोट भरलं.

ताटात भात तसाच होता. भरलं नव्हतं, हे मला दिसत होतं. मी बरं म्हटलं आणि ताट उचललं.