पहिलं वर्ष लहान्याचं

ता. २३ एप्रिल १९८९

चि. श्रीहरीस,

तुझ्या बाईचा सप्रेम जयभीम. कमळाले आन पोरीलेही सांगजो. इथी सारे ठीक. तू बल्लारशाले लाकडाच्या टालावर लागला असं दसरूनं सांगितलं, पत्ताही त्यानंच देल्ला. उन्हात डोक्याले दुपट्टा बांधत जाय. तुले लहानपणापासून ऊन सोसत नाई.

तुमच्या दाराले कुलूप तसंच आहे. कमळाची वालाची वेल वाळली. मी पाणी घालून पाह्यलं, पण उशीर झाला होता. आपली शेळी व्याली.

बुधवारी मी तालुक्याले गेली होती. घरी सांगितलं, डोळे दाखवाले जाते. गेली कोर्टात. मोहाच्या समझोत्याचा कागद बदलते का, म्हणून बाबूले विचारलं. भला माणूस, बसाले सांगितलं, कागद वाचून दाखवला. दोघायच्या शेतामधल्या धुऱ्यावरच्या मोहाची फुलं एक वर्ष श्रीहरीनं वेचावी, एक वर्ष मोठा भाऊ खुशालनं. पहिलं वर्ष श्रीहरीचं. म्हणे, दोघायनंही राजीखुशीनं सही केली, लोकन्यायालयात मिटलेल्या भांडणाचं अपील नसते. मोठा भाऊ स्वतःहून सोडत असन तर गोष्ट वेगळी.

मंग मोठ्याभाऊले विचारलं, पाळी बदलता का. हातचा घास ताटात ठेवून म्हणाले, "त्याच्या वर्षी मी एक फूल उचललं असन तर दाखव." खरंच आहे, नाई उचललं. कागदाच्या बाहेर ते एक पाऊल गेले नाई. कोण काय म्हणन त्यायले?

मले तो लोकन्यायालयाचा मांडव आठवते रे. त्याच्या आधी तीन वर्ष निसत्या तारखा. एका झाडापायी माझे सख्खे भाऊ एका विहिरीवर येत नव्हते. जजसाहेबानं दोघायले जवळ बसवलं, गोडीनं समजावलं, आन मंग विचारलं, पहिलं वर्ष कोणाचं? मोठेभाऊ उठून म्हणाले, "लहान्याले द्या साहेब. लहान आहे तो." साऱ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. साहेबाचेही डोळे भरले. तू त्यायच्या पाया पडला. मी साक्षीदार म्हणून सही केली.

त्या वर्षी कमळा पंधरा दिवस पहाटे टोपली घेऊन गेली. दोन पायल्या मोह झाला. नशीब म्हणून चूप बसली बिचारी. दुसऱ्या वर्षी मोठ्याभाऊच्या अंगणात मोह वाळू घातला तर पाय ठेवाले जागा नव्हती. यंदा फिरून तुमची पाळी, फिरून टोपलीचं बूड झाकलं नाई. तेव्हा तू समजला.

तुले कसं मालूम असन? दहाव्या वर्षी वसतिगृहात गेला, तिथून नागभीडले रेल्वेच्या गँगवर. बाबासंग मोह वेचाले मी आन मोठेभाऊच जात होतो. बाबा दरसाल म्हणत, "आपलं झाड एक साल भरते, एक साल रुसते." समझोत्याच्या आधीच्या साली ते भरलं होतं.

जाताना तू मोठ्याभाऊले काईच विचारलं नाई. माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, तुले मालूम होतं का?"

मी म्हटलं, "नाई."

तू म्हणाला, "बरं झालं. एक तरी माणूस राह्यलं."

हे वाक्य मले जेवू देत नाई, श्रीहरी. मले मालूम होतं. टाळ्या वाजत होत्या तेव्हाच मालूम होतं, आन तरी सही केली. नवऱ्यानं टाकल्यापासून बारा वर्ष मोठ्याभाऊच्या चुलीवर जेवते. तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुठी गेली असती? असं मी मनाले सांगते. पण तुह्याकडे आली असती तर तू हाकललं असतं का? नसतं. हेही मालूम होतं.

तू ये म्हणून हे लिहीत नाई. आता कोणत्या तोंडानं ये म्हणू? माफीही मागत नाई. पुढच्या वर्षी झाड भरन. मोठ्याभाऊची पाळी राहीन, वहिनी टोपली माझ्या हातात देईन, आन मी वेचाले जाईन. मले दुसरं घर नाई.

बहीण म्हणून सही कराले हात धजत नाई.

समझोत्याची साक्षीदार,
बायनाबाई