दोन तारांची कॉइल

माय, तू गुंडाळलेली कॉइल अजून चालते. गेल्या महिन्यात जळगावच्या एका कॉलेजात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं, तिथं आपण बनवलेलं पिनबॉलचं यंत्र ठेवलं होतं. बटण दाबलं की कॉइलच्या ओढीनं गोळी टोलवणारं फळकूट खाडकन उठतं आणि पोलादी गोळी वर उडते.

धुळ्याला बापूंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जत्रेत खेळ लावणारा एक जण मोडकं विलायती पिनबॉल घेऊन आला, म्हणाला, असंच दुसरं बनवून द्या. बापूंनी प्लायवूडची उतरती फळी केली, तिला जुन्या पलंगाचे लोखंडी पाय लावले, काचेवर रंगाऱ्याकडून वाघ काढून घेतला. विलायती कॉइली मात्र जळून कोळसा झालेल्या. नक्कल कशाची करणार? अंदाजानं तू गुंडाळायचीस, स्वयंपाकघरात, हातमशीनवर, ओठांत वेढे मोजत. खेळणारा बटण दाबूनच ठेवायचा आणि कॉइल जळायची. तिसरी जळाली तो दिवस मला दिसतो. बापू जेवताहेत, तू ती काळी कॉइल हातात फिरवत म्हणतेस, "हंडा उचलाले जोर लागस. कंबरवर धराले थोडाच पुरस. दोन तारा ठेवा ना, एक उचलाले, एक धराले."

"तू भाकरी कर. तुले काय समजस यामा?" बापू म्हणाले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच केलं: जाड तारेवर बारीक तारेचे वेढे, आणि फळकूट वर गेलं की बारीक तार जोडून वीज कमी करणारी छोटी पट्टी. मग एकही कॉइल जळाली नाही. पुढे पॉलिटेक्निकात हीच जोडणी मी वर्षानुवर्षं शिकवली, तुझा उल्लेख न करता.

प्रदर्शन माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं मांडलं होतं. तिनं विचारलं, "मॅडम, हे दोन तारांचं कुणाला सुचलं?"

"आमच्या बापूंना."

"आणि आई?"

"आई घर सांभाळायची."

तिनं लिहून घेतलं. चार दिवसांनी फोन आला, "पाटी छापायला देतेय, काही दुरुस्ती?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

तू अंगठा लावायचीस याची लाज वाटली, असं स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. तुझं नाव घेतलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग वर्गात कधी का नाही सांगितलंत? त्याला मी भ्यायले. पाटी लागली आहे. तिचा नंबर माझ्याकडे आहे, आणि मी अजून फोन केलेला नाही.