कानात एक, बाहेर एक

३ फेब्रुवारी

मुलगा झाला. बालाजीदादाचा फोन दुपारी आला, मी वीज उपकेंद्रात ड्यूटीवर होते. कहकशां बरी आहे म्हणाला. मी 'हं' म्हटलं. घरी येऊन आईला सांगितलं — ती तुरी निवडत होती, निवडत राहिली.

दोन वर्षांपूर्वी याने नांदेडला कोर्टात कहकशांशी लग्न केलं आणि पुढच्याच महिन्यात बिलोलीच्या ठरत आलेल्या स्थळाने मला नकार कळवला. कारण सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, सगळ्या अहमदपूरला माहीत होतं. आज दादाला अभिनंदन म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही.

५ फेब्रुवारी

दादाचा पुन्हा फोन. बारसं करायचंय, नांदेडला, त्यांच्या भाड्याच्या घरी. "वर्षे, आत्या तू. नाव तूच शोध. दोन्हीकडं चालंल असं बघ." वर म्हणतो, तू इंजिनिअर आहेस! नाव म्हणजे काय ट्रान्सफॉर्मर आहे? त्यानं बिघडवायचं आणि मी जोडून द्यायचं. लहानपणापासून हेच.

७ फेब्रुवारी

शोधते आहे. त्याच्यासाठी नाही. प्रश्न अर्धवट सोडता येत नाही म्हणून.

शोधताना भलतंच सापडत गेलं. आमचा लाइनमन नागप्पा उदगीरकडचा, घरी कन्नड बोलतो. त्याच्याकडे 'हालु' म्हणजे दूध. आमच्याकडे 'हाल' म्हणजे आयुष्यभर आपले झाले असं आई म्हणते ते. आणि हा आमचा 'हाल' मुळात अरबी! तिथे अर्थ नुसता 'अवस्था' — बरी की वाईट, ते ठरलेलं नाही. वाईट आपण केली.

'बस' घ्या. आई मला दटावते ते 'बस' मराठी. पानटपरीवर चुना लावताना गिऱ्हाईक म्हणतं ते 'बस' फारसी, म्हणजे पुरे. स्टँडवर उभी असते ती इंग्रजी. तिघी दिसायला तंतोतंत सारख्या, नातं कुणाचंच कुणाशी नाही. आमच्या उपकेंद्रात दोन फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, जोडायच्या तर व्होल्टेज सारखं दिसून भागत नाही, आधी फेज जुळतो का ते तपासतात. न तपासता जोडलं तर जळतं. दादानं काही तपासलं नव्हतं.

रात्री जेवायच्या आधी नाव सापडलं. समीर. संस्कृतात वारा. अरबीत, रात्रीच्या गप्पांना सोबत करणारा. दोन वेगळे उगम, रूप एकच. उत्तर आलं.

९ फेब्रुवारी

उत्तर चुकलं.

आई म्हणाली, "समीर? त्येंच्यात असतंय की ते."

मी म्हटलं, आपल्यातही असतं, शेजारच्या शिवकन्याकाकूंचा जावई समीरच आहे.

"आसंल. त्येंच्यातबी असतंय न्हवं?"

वारा सांगितला, गप्पा सांगितल्या. तिनं सुपातला खडा उचलून अंगणात भिरकावला. मग स्वतःचा बेत सांगितला. तो आधीच ठरलेला होता. लोकांपुढे काय हवं ते नाव घ्या. पाळण्यात वाकलीस की कानात मात्र बाबांचं सांग.

"रामकिशन म्हन. कानातलं कोन ऐकायला येतंय? तसं करशील तरच मी येते."

नवऱ्याचं नाव ती उखाण्याबाहेर कधी घेत नाही. बाबा गेल्यावर तर उखाणेही गेले. आज घेतलं. मला राग यायला हवा होता. आलाही, पण थोडा उशिरा.

११ फेब्रुवारी

नांदेड. कहकशां बाळंतपणाला माहेरी आहे, म्हणून तिथे जावं लागलं. वडील गफूरभाई, बांगड्यांचं दुकान. ते दुकानातच थांबले, मला टाळून. आई वहिदाबी समोर बसल्या. चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाल्या, "समीर तो अच्छा है. पर तुमारे में बी रखते ना. लोगां क्या समझेंगे?"

हुबेहूब आमची आई! दोन्ही घरांचं नाव शोधून दिलं, तर दोन्ही घरांना त्यात फक्त दुसरं घर दिसतं.

कहकशां बाळ घेऊन बाहेर आली. माझ्या हातात दिलं नाही. मी मागितलं नाही. वहिदाबी आत गेल्यावर तिनं सरळ विचारलं, तुमच्या आईंनी काय सांगून पाठवलंय? खोटं बोलायला वेळ लागतो. मी खरं सांगितलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"रामकिशन ठेवायचं तर उघड ठेवा," म्हणाली. "मी भांडेन, पण उघड भांडेन. कानात एक, बाहेर एक नको. माझ्या लग्नात सगळे तसंच वागले. तुम्हीसुद्धा. फोनवर 'अभिनंदन' म्हणालात. मनात काय होतं?"

"तुझ्यामुळे माझं लग्न मोडलं. हे होतं."

"आज पहिल्यांदा माझ्याशी खरं बोललात."

परतीच्या एसटीत लोह्यापर्यंत उभी. मला ती आवडत नाही. आधीही नाही, आताही नाही. पण तिच्या बोलण्यात चूक शोधली, सापडली नाही.

१२ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. आईनं भाजीत मीठ घातलं नाही. मुद्दाम.

१३ फेब्रुवारी

आईला सांगून टाकलं. रामकिशन सांगणार नाही. समीरच — कानातही, बाहेरही.

"मग मी येत न्हाई."

"नको येऊ."

दार आपटलं ते तिनं नाही, मी.

१५ फेब्रुवारी

बारसं झालं. आई आली नाही. पाळण्याभोवती बहुतेक बायका त्यांच्या. वहिदाबी भिंतीकडे तोंड करून. मी वाकले, कुर्रर्र केलं, समीर म्हटलं. मग तेवढंच स्पष्ट सगळ्यांपुढे. आपल्यात आत्याच्या पाठीत बुक्क्या घालतात, पण या घरात ते कुणाला ठाऊक असायचं? सरळ होणार, तेवढ्यात पाठीत बसली. गमतीची नव्हे — श्वास अडकला. वळून पाहिलं. कहकशां.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सकाळी तुमच्या आईंचा फोन आला होता. पहिल्यांदाच," ती म्हणाली. "म्हणाल्या, वर्षीच्या पाठीत जोरात घाल. माझ्या वाटचीबी घाल."