बारावं रीळ, तेरावं रीळ

नागपूर, मंगळवार, १२ सप्टेंबर १९७८

प्रिय पुष्पलता,

तुझा लेख परवा मिळाला. चारदा वाचला, आणि तेव्हापासून घास उतरत नाही वं. रविवारी पुण्यात तो तू खुद्द डायरेक्टर मनोहरराव साठवण्यांसमोर वाचणार, म्हणून हे पत्र एक्स्प्रेसनं टाकतो. वेळेवर पोचलं पाहिजे बाप्पा!

आधी चांगलं सांगतो. साठवणेसाहेबांचे सातही पिक्चर मी माझ्या हातानं चालवले, पण तू लिहिलंस तसं मला कधी बोलता आलं नसतं. त्यांच्याकडे कोणी छाती पिटून रडत नाही, हे अगदी खरं. त्या मास्तराच्या पिक्चरमध्ये नवऱ्याशी भांडून बायको मुकाट्यानं तांदूळ निवडत बसते, तेव्हा आमच्या टाकीजमधले शिट्ट्या मारणारे पोट्टेसुद्धा गप्प व्हायचे. आमच्या कुहीकडच्या धानाच्या बांध्या, ती पाण्यानं भरलेली वावरं, तर अशी दाखवली, की कुहीचेच लोक म्हणत, आपलं गाव इतकं देखणं हाये का गा! या माणसाला घाई कशाचीच नाही. मशीनजवळ उभा राहून मीही त्यांच्याकडून थोडं थांबायला शिकलो.

आता तो विणकराचा पिक्चर. तू लिहिलंस, बाप मरतो, आणि लगेच पुढे तोच मागावर बसून पोरीला तुटलेला धागा जोडायला शिकवतो. मेलेल्या माणसाला असं परत आणायची हिंमत फक्त साठवण्यांची, असं तुझं म्हणणं. पोरी, त्यांनी तसं केलंच नाही. बाराव्या रिळात बाप शिकवतो आणि तेराव्यात मरतो. नंतर तो पिक्चर तू कुठे पाहिलाच नाहीस, तुला कसं कळणार?

एकोणसत्तर साल. तुझी आई जाऊन तीन महिने झाले होते. तू दहा वर्षांची, तापानं फणफणलेली. घरी बघायला कोणी नाही, म्हणून मशीनच्या केबिनमध्येच बाकावर निजवली होती. तुझ्या कपाळावरची ओली पट्टी बदलता बदलता डब्यांची अदलाबदल झाली आणि तेरावं रीळ आधी लागलं.  कळलं तेव्हा टाकीजचा शेठ आता हाकलतो, असंच वाटलं. पण खाली कोणी हूं की चूं केलं नाही. तू मात्र उठून खिडकीशी उभी होतीस. बाबा, तो वापस आला ना, म्हणालीस, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलीस.

चूक फक्त त्या पहिल्या शोची. दुसऱ्या शोपासून आठवडाभर मी तेरावं रीळ जाणूनबुजून आधी लावलं, कारण तू रोज तेवढ्यासाठी खिडकीशी येऊन उभी राहायचीस. साठवणेसाहेबांचा मी गुन्हेगार आहे. त्यांच्यासमोर, चार शिकलेल्या लोकांत, तुझं हसं होऊ नये. तेवढा भाग काढून टाक. त्यांनी विचारलंच तर खुशाल माझं नाव सांग. पत्र मिळाल्याची तार कर, तोवर जीव टांगणीला आहे. लेखाचं काय, तो तू पुन्हा लिहिशील. पण तो बाप परत आलाच नव्हता, हे तुला माझ्याच हातानं कळवावं लागते, याचंच मला भ्या वाटते.

तुझाच,
केबिनमधला बाबा
धोंडबा