उजवी बाजू

६ मार्च

ती. आईंस,
सा. न. वि. वि. रागात लिहितेय, पण नमस्कार मनापासूनचा आहे, तो आधी घ्या.

हे मला फोनवर बोलता येत नाही. रागावले की मला रडू फुटतं, आणि मी रडले की तुम्ही फोन थोरल्या भाऊजींच्या हातात देता. कागदावर मी रडत नाही.

चि. भुंगा ठणठणीत आहे. भिंतीला धरून, गुणगुणत घरभर फिरतो आणि हाती लागेल ते तोंडात घालतो. परवा त्याने यांचा पाना चाखून पाहिला. तेरा महिन्यांचा झाला. हे तिकडे चौदा मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट बसवताहेत, अजून दोन महिने तरी येत नाहीत.

आता मुद्दा. भुंग्याची उजवी बाजू रिकामी आहे, हे तुम्ही त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलंत तेव्हाच पाहिलंत. काल मी त्याला मुलांच्या सर्जनबाईंकडे नेलं. त्यांनी आधी स्वतःचे हात कोमट पाण्यात धरून गरम केले, मग तपासलं. उजवं अंड जांघेत अडकलंय. बोटाला लागतं, पण खाली येत नाही. यायचं असतं तर पहिल्या सहा महिन्यांतच आलं असतं, असं त्या म्हणाल्या. आता दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून ते खाली आणून बसवायचं. आतल्या उबेत ते नीट वाढत नाही. उशीर केला तर पुढे मूल व्हायला अडचण येऊ शकते, आणि मोठेपणी त्यात वाईट गाठ होण्याचा धोका वाढतो. त्यांनी मला चित्र काढून दाखवलं, आणि घाबरवलं मात्र नाही.

यांना फोन केला तर एकच पालुपद, सुरी लावायची नाही, दादाच्या गोळ्या चालू ठेव. भाऊजींचं ते औषध आठ महिने चालूच आहे. मोहरीएवढ्या गोळ्या तीन वेळा, आणि संध्याकाळी जांघेला तेल. मूल पार बेअरिंगसारखं गुळगुळीत झालं, पण खाली काही सरकलं नाही. कारण विचारलं तर हे फोन ठेवतात. आठ वर्षांच्या संसारात माझा फोन यांनी कधी ठेवला नव्हता. तुम्ही समजवा, तुमचं ऐकतील.

भाऊजींना नमस्कार सांगा, पण पत्र वाचायला देऊ नका. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
धाकटी


१४ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या चष्म्याची काडी मोडली आहे, त्यामुळे तुझं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. मला वाचायला न देण्याची सूचनाही वाचून दाखवली.

असल्या विषयावर सासूला पत्र लिहिणं आपल्या घरात शोभत नाही. मला विचारायचं होतंस. वीस वर्षं मी औषधं देतो आहे. तुमच्या सर्जनबाईंचा धंदाच कापण्याचा. सुताराला सगळीकडे खिळाच दिसणार. मुलाच्या प्रकृतीचा थंडपणा गेला की जे व्हायचं ते आपोआप होईल. पाच वर्षांपर्यंत घाई करायचं कारण नाही. नवी, जास्त ताकदीची बाटली पाठवतो आहे. मधल्या काळात दुसरं काही औषध देऊ नकोस, आणि मनात संशय ठेवून तर गोळी मुळीच देऊ नकोस. आईच्या काळजीचा मुलाच्या प्रकृतीवर परिणाम होतो.

तू मला हेकट समजतेस. पण सुरी लागलेलं लहान मूल मी जवळून पाहिलं आहे. आपल्या घरात हे एकदा होऊन गेलं आहे. पुन्हा पाहायची माझी तयारी नाही. याहून जास्त लिहीत नाही.

भुंग्याला गोड पापा. तुझं आमच्याविषयीचं मन निवळावं, ही इच्छा.

तुझा,
थोरला दीर


१८ मार्च

ती. भाऊजींस,
नमस्कार.

पत्र आईंना होतं. काडी मोडली असेल तर चष्मा माझ्याकडे पाठवा, मी दिवसभर चष्मेच करते. भिंगाचा नंबर पाव जरी चुकला तरी गिऱ्हाइकाला चक्कर येते. ते भिंग आणून माझ्या टेबलावर आपटतं, मी निमूट नवं घासून देते. माझ्यावर संशय घेतलात म्हणून चुकलं, असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमची गोळी लागू पडली नाही तर दोष मुलाच्या प्रकृतीचा, नाहीतर त्याच्या आईचा. गोळी सोवळीच राहते.

वीस वर्षांत अशी किती मुलं तुमच्याकडे आली आणि किती जणांचं उतरलं? नावं नकोत, आकडा द्या. बाळ पाच-सहा महिन्यांचं असताना ज्यांचं आपसूक उतरलं, ते धरू नका.

आणि हे आपल्या घरात एकदा होऊन गेलंय म्हणजे काय? तुमच्या घरात मुलगे दोनच. तुम्ही ‘पाहिलं’ म्हणता, म्हणजे तुम्ही नाही. यांना एकच बाजू आहे हे मला लग्नापासून माहीत आहे, बायकोला माहीत असणारच. लहानपणी सायकलवरून पडून इजा झाली, असं मला सांगण्यात आलं. तुम्ही तर सायकलचं नावही काढलं नाहीत.

याचं उत्तर मला आईंकडून हवंय. शस्त्रक्रियेची तारीख मी घेतली आहे, १८ एप्रिल. एका पालकाची सही चालते, तेही विचारून आलेय. बाटली पोचली. फोडली नाही.

लोभ ठेवा म्हणायची आज इच्छा नाही, रीत म्हणून लिहिते.

धाकटी


२७ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चष्म्याला दोरा बांधून लिहिते आहे, अक्षर लावून घे. तुझं दुसरं पत्र थोरल्याच्या नावाचं होतं, ते मी फोडलं. त्याने माझं वाचलं, मी त्याचं वाचलं, फिट्टंफाट.

तू ताडलंस ते खरं आहे. धाकट्याची उजवी बाजू जन्मापासून रिकामी होती. तुझे सासरे म्हणाले, दाराबाहेर चर्चा नको, पोराला उद्या कोण मुलगी देईल. मग घरातल्या घरात जे जे कुणी सुचवलं ते केलं. लेप लावले, काढे पाजले, उतरेल म्हणून रोज दोरीवर शंभर उड्या मारायला लावल्या. पोर बिचारं वर्गात पहिलं आलं, तेही उड्या मारण्यात. दोन वेळा डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, दोन्ही वेळा आम्ही ती कपाटात ठेवली.

अकराव्या वर्षी शाळेत त्याच्या जांघेत एकाएकी भयंकर कळ आली. घरी आणला, तर आम्ही एक दिवस शेकत बसलो. दुसऱ्या दिवशी इस्पितळात नेलं. आत पीळ बसून ते काळंठिक्कर पडलं होतं, काढूनच टाकावं लागलं. त्याला आम्ही आंतरगळ काढली म्हणून सांगितलं. पुढे जखम चिघळली. पट्टी बदलताना त्याला धरायला थोरला असे, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. धाकट्याच्या ओरडण्याने तोच पांढरा पडायचा. सुरीने भावाचं वाटोळं केलं, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून बसलं. अगं, सुरीने काय केलं? आम्ही अकरा वर्षं घालवली, त्याने केलं.

आता याहून वाईट सांगते. लग्नानंतर सहा वर्षं तुम्हाला मूल नव्हतं. तू तपासण्यांना जायचीस, परत येऊन पोट धरून निजायचीस. मी तुला गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचे. दोष कुठे असू शकतो ते मला ठाऊक होतं, आणि मी पिशवीचं बूच घट्ट लावून गप्प बसायचे. शेजारणींनी तुझ्याबद्दल विचारलं तर उसासासुद्धा टाकायचे.

माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही. तू सही कर. कुणी अडवलं तर सांग, आईने सांगितलंय.

तुझी माया मला राहिली नाही तरी भुंग्याला माझी ओळख राहू दे.

तुझी,
आई


९ एप्रिल

प्रिय काचवाली,
तुला नुसतं ‘प्रिय’ लिहितोय. पुढचं काही लिहायची माझी लायकी नाही.

तू पाठवलेलं आईचं पत्र जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून वाचलं. माझा डोळाच दुखत होता की काय, अक्षरं दिसेनात. मग फाडायला घेतलं. मग परत वाचलं.

आई अजून मला आंतरगळच माहीत असल्यासारखं लिहिते. नोकरीला लागताना तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरने रकान्यात लिहिलं, उजवं नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो. घरी येऊन विचारलं तर आईने ताट वाढलं आणि बाबा उठून गेले. सायकलची गोष्ट मी रचली, कारण मित्रांना सांगायला काहीतरी लागतं. तुलाही तीच सांगितली.

तपासण्यांचं तुला मी सांगायला हवं, आईने नव्हे. तू आत टेबलावर असायचीस आणि मी बाहेर बाकावर जुनी मासिकं चाळायचो. एकदा त्या डॉक्टर म्हणाल्या, तुमचीही तपासणी करून टाकू. मी लिफ्ट बंद पडल्याचं निमित्त काढून पळालो. लिफ्ट चालू होती. तू घरी आल्यावर म्हणालीस, बहुतेक माझ्यातच काहीतरी खोट आहे. मी ऐकून घेतलं.

आता मला कुणाकुणाचा राग आलाय ते सांगतो. आईचा, बाबांचा (ते सुटले), आणि तुझासुद्धा थोडा. तू दादाला विचारलंस, आईला विचारलंस, मला कारण एकदाच विचारलंस. पण फोन मी ठेवला, तेव्हा हे राहू दे.

दादाला फोन केला. तो रडायला लागला. म्हणाला, तुझं ते ओरडणं मला अजून ऐकू येतं. मी म्हटलं, ओरडलो मी, ऐकू तुला येतं, आणि गोळ्या माझा मुलगा खातो. मग फोन ठेवला. तो वाईट माणूस नाही, पण आता त्याच्या हातून भुंग्याला साधी लिमलेटची गोळीही मिळायची नाही.

सोळाला निघतोय. साहेब रजा देत नाहीत, मी चालू झालेल्या लिफ्टला कुलूप घालून येतोय. लोक चढतील पंधरा दिवस चौदा मजले. सही मी करणार. भुंगा कळता झाला की त्याला सगळं मी सांगणार, नीट, खऱ्या शब्दांत; रकान्यातून त्याला कळता कामा नये.

दार उघडशील ना, एवढंच.

तुझाच


२ मे

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

भुंगा बरा आहे, हे आधी. पाऊण तास लागला. संध्याकाळी आम्ही त्याला घरी घेऊन आलो. पहिले दोन दिवस किरकिर केली, तिसऱ्या दिवशी गुणगुणायला लागला आणि पट्टी ओढायलाही. उजवं अंड डाव्यापेक्षा किंचित लहान आहे, पण चांगलं आहे. पिशवीत आणून टाके घालून बसवलंय. पुढची काही वर्षं दाखवत राहायचं, आणि मोठा झाला की त्याचं त्याने तपासत राहायचं.

यांनी अर्ज स्वतः भरला. घरात आधी कुणाला असा त्रास होता का, या प्रश्नापुढे दोन ओळींची जागा होती. यांनी कागद उलटून मागची अख्खी बाजू लिहिली. सर्जनबाईंनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, तुम्हीही तपासून घ्या. हे त्याच आठवड्यात गेले. सगळं ठीक आहे.

मी यांच्याशी अजून धड बोलत नाही. दार उघडलं, पण सहा वर्षं काही पंधरा दिवसांत भरून निघत नाहीत. हे रोज संध्याकाळी स्वतःहून एकेक गोष्ट सांगतात. मी भांडी घासत ऐकते. कधीकधी भांडं आपटते.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही. पत्र लिहिलंत, त्याला धैर्य लागतं, हे मान्य. पण भाऊजींनी यांना फोनवर रडता रडता सांगितलं, की त्यांच्याकडे अशी अजून तीन मुलं येतात. एक चार वर्षांचा आहे. त्यांच्या आयाही तेल चोळत बसल्या असतील. त्यांना सर्जनकडे पाठवा म्हणून मी भाऊजींना लिहिलं, उत्तर नाही. तुम्ही त्यांच्या नोंदवहीतून पत्ते काढून मला पाठवा. मी त्या बायकांना लिहिणार आहे. आपल्या दोघींचं काय ते त्यानंतर बघू.

तब्येत सांभाळा.

धाकटी


११ मे

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

तीन नाहीत, पाच निघाली.

दोन घरं जवळची होती, तिथे मी स्वतः जाऊन आले. पहिलीने माझ्या तोंडावर दार लावलं. दुसरीला मी धाकट्याचं सगळं सांगितलं, नाव घेऊन, उंबऱ्यात उभी राहून. तिने मुलाला आत पाठवलं आणि मला खुर्ची दिली. सोमवारी ती त्याला दाखवायला नेणार आहे. तिच्यासोबत मी जाते आहे.

उरलेल्या तिघांचे पत्ते मागच्या बाजूला लिहिलेत. पहिलीचाही लिहिलाय, तूही एकदा लिहून बघ.

थोरला माझ्याशी बोलत नाही. वही मी त्याच्या देखत उघडली.

आई