काचेवरचं बदक

प्रिय ताई,

हे पत्र तुला ट्रकवाल्या काकांनी शिलाईच्या हॉलच्या दारात बोलावून दिलं असेल. घरी देऊ नका, तिच्याच हातात द्या, असं मी त्यांना बजावलंय. तू म्हणशील, फोन असताना हे काय खूळ. पण फोन केला की दोन वाक्यांत तो भाऊजींच्या हातात जातो, आणि काय मग साहेब, कधी येताय, असं ते हसून म्हणाले की माझ्या तोंडाला कुलूप बसतं. शाळेने मला लवकरच सोडलं, तेव्हा अक्षराला हस हवं तर. फक्त शेवटपर्यंत वाच आणि मधेच कुणाला फोन लावू नकोस.

मी बरा आहे. पायाला भिंगरी म्हणून तू मला नावं ठेवायचीस, पण बेकरी झाली, रंगकाम झालं, आणि या बंदरावरच्या यार्डात मात्र टिकलोय. टायरवाल्याच्या दुकानावर खोली आहे, दोघांत एक खिडकी. काम काय ते तुला कधी नीट सांगितलं नाही, आता सांगतो. बाहेरच्या देशांतून वापरलेल्या गाड्या जहाजाने येतात. जी रस्त्यावर पळणार, तिच्यावर कस्टमची ड्युटी भरभक्कम. जी भंगार म्हणून, नुसत्या सुट्या भागांसाठी येते, तिच्यावर किरकोळ. पण मग नियम असा की भंगाराच्या गाडीचे इथेच दोन तुकडे करायचे, म्हणजे ती पुन्हा चालायला नको. ते तुकडे मी करतो. कस्टमचा साहेब नाकाला रुमाल लावून लांब उभा राहतो आणि मी पुढच्या सीटांच्या मागून ग्राइंडर घालतो, तळापासून टपापर्यंत.

ताई, यातल्या काही गाड्या अशा असतात की चावी फिरवली तर मला घेऊन घरी पोचतील. एकदा मुकादमाला विचारलं, इतकी धडधाकट गाडी भंगारात कशी? तो म्हणाला, तुला पगार कापायचा मिळतो की विचारायचा? मी कापत राहिलो, पण डोकं गप्प बसेना. मध्ये अशीच एक निळी गाडी आली. मागच्या काचेवर टोपी घातलेल्या बदकाचं स्टिकर होतं. तुझ्या लेकीला, आपल्या चिऊला होईल म्हणून कापण्याआधी नखाने सोडवायला गेलो, तर नेमकं मानेपाशी फाटलं. मुंडकं माझ्या हातात, धड काचेवर. मुंडकं पेटीच्या झाकणाला चिकटवलं. खोलीतला जोडीदार रोज चिडवतो, की तुझा पाहुणा जेवला का.

त्या गाडीचे दोन्ही तुकडे एकाच ट्रकात, एकाच ताडपत्रीखाली गेले. आता मला सांग, सुटे भाग विकायचे तर पुढचं धूड एकाला जाईल, मागचं दुसऱ्याला. नवराबायको असल्यासारखे सोबत कशाला? वायरी पण कशा, वेणी घातल्यासारख्या गुंडाळलेल्या. पाणी कुठेतरी मुरत होतं. शेवटी ट्रकवाले काकाच चहा पिता पिता बोलून गेले. तुमच्याच शहराबाहेर एक बंद शेड आहे, तिथे हे अर्धे तुकडे उतरवतात. आणि आपण अर्ध्या उतरवतो, पण तिथून बाहेर पडताना दिसतात त्या अख्ख्याच, म्हणाले.

आता तू घेणार आहेस त्या गाडीकडे येतो. तुला शिलाई सोडून शाळेच्या मुलांची ने-आण करायचीय, हे माझ्याइतक्या आधीपासून कुणाला ठाऊक नाही. उपड्या डब्यावर बसून ताटलीचं स्टिअरिंग फिरवायचीस, मी मागच्या पाटावर, आणि वळण आलं की दोघं एका बाजूला कलंडायचो. तेव्हा मी मोडता घालतोय असं समजू नकोस. पण भाऊजींचा तो मित्र, काळ्या चष्म्याचा गोडबोल्या, बाजारापेक्षा एवढी स्वस्त गाडी का देतो? कागद मागून येतील, आधी गाडी न्या, असं का? सगळे पैसे रोखच का? खालचं कार्पेट उचलू नका, वायरी तुटतील, असं तुला का सांगितलं? मी नुसती ड्युटीची पावती विचारली तर भाऊजी भडकले, मला शंकोबा म्हणाले, आणि तूही हसलीस. आणि त्यांच्या हातात ते नवं घड्याळ कुठून आलं, हेही मला विचारायचं होतं. राहिलं.

गाडी घेण्याआधी तू एवढं कर. चासी नंबर उतरवून घे आणि स्वतः कस्टमच्या कचेरीत जा. या नंबरवर ड्युटी चालत्या गाडीची भरलीय की भंगाराची, तेवढंच विचार. आणि पुढच्या सीटांमागे कार्पेट उचलून हात फिरव. जोडलेलं कापड तुझ्या बोटांना न बघता कळतं, पत्रा काही वेगळा नाही. उद्या पकडलं तर गोडबोल्या हात झटकेल आणि गाडी जप्त होईल ती तुझी. चोर सोडून संन्याशाला सुळी. पण त्याचंही मला एवढं नाही. एखादा दणका बसला तर गाडी कुठे उघडेल ते मला माहीत आहे, आणि तिथेच मुलं बसणार.

हे शेवटी लिहितोय, कारण आधी लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलंच नसतंस. गाडी बघायला गेलात तेव्हाचा जो फोटो तू पाठवलास, त्यात गाडी पांढरी आहे. पण चिऊ मागच्या काचेला गाल लावून हसतेय, आणि तिच्या गालाशेजारी काचेवर बदकाचं धड आहे. पाय आहेत, शेपूट आहे, मुंडकं नाही. रंग बदलला त्यांनी, काच बदलायला विसरले. मुंडकं या पत्रात कागदाच्या पुडीत ठेवलंय. शनिवारी गाडी घ्यायला जाल, तेव्हा पैसे देण्याआधी ते काचेवर धरून बघ. जुळलं नाही तर जन्मभर मला शंकोबा म्हण, मी ओ देईन. जुळलं तर आधी चिऊला खाली उतरव. तिथे कुणाशी भांडू नकोस, पर्स काखेत घट्ट धर आणि चालू लाग. फक्त बदक जुळेल त्या वेळी एकदा भाऊजींच्या तोंडाकडे बघ. काय दिसलं ते मला कळवू नकोस.

तुझाच,
मागच्या पाटावरचा